पंखावरचा बर्फ

गारा पडताना तुम्ही पाहिल्या आहेत. फाल्गुन-चैत्रात आभाळ एकाएकी काळे होते, वारा सुटतो आणि टपाटपा गारा कोसळतात. हातातोंडाशी आलेला गहू आडवा होतो. कैऱ्या झडतात, द्राक्षाचे घड फुटतात. २०१४ साली फेब्रुवारी-मार्चात मराठवाड्यात आणि विदर्भात गारपीट झाली, ती अजून कोणी विसरलेले नाही. शेतकऱ्याला गारेची ओळख करून द्यायला नको.

पण ही गार होते कशी? खाली आपण घामाने निथळत असतो आणि वरून बर्फाचे खडे पडतात. हा बर्फ आला कोठून?

वर थंडी असते, हे एक. दर हजार फूट वर गेले की हवा साधारण दोन अंशांनी गार होते. महाबळेश्वर समुद्रापासून साडेचार हजार फूट उंच आहे, म्हणून उन्हाळ्यातही तिथे अंगाला गारवा लागतो. तसेच वर जात राहिले तर पंधरा-सोळा हजार फुटांवर आपल्याकडेही पाणी गोठण्याइतकी थंडी भेटते. आणि त्या थंडीतच मोठे ढग उभे असतात.

दुसरी गोष्ट नवलाची आहे. पाणी शून्य अंशाला गोठते, असे आपण ऐकतो. भांड्यातले पाणी गोठते, खरेच. ढगातले बारीक थेंब मात्र तसे वागत नाहीत. शून्याच्या खाली दहा अंश, कधी वीस अंश गेले, तरी ते पाणीच राहतात. असे का? अहो, दूध आपले आपण दही होत नाही, त्याला विरजण लागते. तसेच या थेंबांना गोठायला कशाचा तरी आधार लागतो. बर्फाचा एखादा कण लागतो, किंवा धुळीचा विशिष्ट कण लागतो. तो मिळाला नाही तर थेंब तसाच तरंगत राहतो, विरजणाची वाट पाहत.

ढगात बर्फाचा एखादा कण असला, की असे थेंब त्याच्यावर आपटतात आणि आपटताच गोठतात. एक थर, त्यावर दुसरा, त्यावर तिसरा. गार मधोमध फोडून पाहिली तर कांद्यासारखे पापुद्रे दिसतात, ते यामुळेच. गार जड झाली की वारा तिला पेलत नाही, आणि ती खाली येते.

आता असे समजा, की त्या ढगातून गार नाही तर विमान चालले आहे. थेंबांना काय हो, बर्फाचा कण काय आणि विमानाचा पंख काय! पंखाला लागताच ते गोठतात. विमान ताशी दोन-तीनशे मैलांनी त्या ढगातून जाते, त्यामुळे समोर येणारे अनेक थेंब पंखाच्या पुढच्या धारेवर आदळतात. दहा मिनिटांत बोटभर जाडीचा बर्फ धरू शकतो. कधी त्याहून लवकर.

वजनाने नव्हे

बर्फ साचला म्हणजे विमान जड होते आणि जड झाले की पडते, असे बहुतेकांना वाटते. वजन वाढते हे खरे. पण मुख्य घात वजनाने होत नाही, आकाराने होतो. हे नीट समजून घेऊ.

एस. टी.त बसल्यावर हात खिडकीबाहेर काढू नये, असे लिहिलेले असते. ते बरोबरच आहे, आणि कोणी काढूही नये. पण लहानपणी कधी ना कधी आपण तो काढलेला असतो. पंजा आडवा धरला आणि पुढची कड जरा वर उचलली, की वारा हाताला वर ढकलतो. विमानाचा पंख हेच करतो. तो वरून फुगीर आणि गुळगुळीत असतो. समोरून आलेली हवा त्याच्या अंगाला चिकटून, घसरत मागे जाते आणि मागे जाताना खाली वळते. हवा खाली ढकलली जाते, पंख वर उचलला जातो. टनावारी वजनाचे विमान या एवढ्याच गोष्टीवर तोललेले असते.

म्हणून पंखाची पुढची धार गुळगुळीत असावी लागते. सुताराच्या पॉलिश पेपरसारखा खरखरीत बर्फाचा नुसता पातळ थर तिच्यावर बसला, तरी पंखाची उचल तीन दशांशापर्यंत कमी होऊ शकते. हवेचा अडथळा चार दशांशापर्यंत वाढू शकतो. दहा बैलांनी ओढायच्या गाड्याला सातच बैल उरावेत आणि रस्ताही चिखलाचा व्हावा, तशी गत.

उचल कमी झाली की विमान खाली येऊ लागते. ते खाली येऊ नये म्हणून त्याचे नाक वर करावे लागते. नाक वर केले की अडथळा आणखी वाढतो आणि वेग घटतो. वेग घटला की उचल पुन्हा कमी होते. असे होता होता एक वेळ अशी येते, की हवा पंखाला चिकटून राहूच शकत नाही. ती पंखावरून सुटते, भोवरे खात निघून जाते. मग पंख हा पंख राहत नाही, नुसता पत्रा होतो. वैमानिक याला ‘स्टॉल’ म्हणतात. बर्फ नसताना हे कोणत्या वेगाला होईल, ते वैमानिकाला ठाऊक असते आणि विमानही आधी धोक्याची सूचना देते. बर्फ असला की तो हिशेब चुकतो. सूचना मिळायच्या आधीच पंख दगा देतो. त्यातही एका पंखावर बर्फ जास्त आणि दुसऱ्यावर कमी असला, तर एकच बाजू कोसळते आणि विमान कुशीवर पडते.

बर्फ पंखावरच बसतो असेही नाही. शेपटीवर बसतो. पुढच्या पंख्याच्या पात्यांवर बसतो आणि मग पंखा हवा ओढत नाही. वेग मोजणाऱ्या नळीच्या तोंडात बसला, तर वेगाचा आकडा खोटा दाखवला जातो.

यावर वैमानिकाकडे एक सोपा उपाय असतो. खाली यायचे. खाली हवा उबदार असते, तिथे बर्फ वितळून गळून पडतो. सपाट मुलखावर हा उपाय बहुधा उपयोगी पडतो. पण खाली डोंगर असले तर? मग खाली यायला जागाच नसते. आता सांगतो ती हकीकत अशाच डोंगरातली आहे.

स्लेसीचा कडा

१९५६ सालची ९ डिसेंबरची संध्याकाळ. कॅनडा देशाच्या पश्चिम किनाऱ्यावर व्हँकूव्हर नावाचे मोठे शहर आहे. तिथून ट्रान्स-कॅनडा एअर लाइन्स या कंपनीचे विमान ६ वाजून १० मिनिटांनी पूर्वेकडे निघाले. त्याचा नंबर ८१०. आधी कॅलगरी, मग रिजायना, विनिपेग असे करत टोरांटोला जायचे होते. विमानाला चार इंजिने होती. आत ५९ प्रवासी आणि ३ नोकर माणसे, म्हणजे एकूण ६२ जण होते.

या प्रवाशांत पाच खेळाडू होते. कॅनडात फुटबॉल म्हणून एक खेळ आहे, तो आपल्या फुटबॉलपेक्षा निराळा, चेंडू हातात घेऊन पळण्याचा. देशातल्या निवडक खेळाडूंचा सामना आदल्याच दिवशी व्हँकूव्हरला झाला होता. तो खेळून ते घरी चालले होते.

व्हँकूव्हरच्या पूर्वेला लगेच डोंगर सुरू होतात. आपला सह्याद्री जसा समुद्राला पाठ लावून उभा आहे, तसेच ते डोंगर उभे आहेत. उंची मात्र दुपटीची. पावसाळ्यात अरबी समुद्रावरची ओली हवा सह्याद्रीला थडकते, वर चढते, थंड होते आणि घाटमाथ्यावर मुसळधार पाऊस पडतो. तिकडे पॅसिफिक महासागरावरची ओली हवा अशीच डोंगरांना थडकते. फरक इतकाच, की ती वेळ डिसेंबरची. वर चढलेल्या त्या हवेतले पाणी शून्याच्या कितीतरी खाली गेलेले, पण अजून न गोठलेले. म्हणजे विरजणाची वाट पाहणाऱ्या थेंबांची कोठारेच डोंगरावर टांगलेली. त्या रात्री वारा सोसाट्याचा होता. ढगात हिसके बसत होते आणि विमानावर बर्फ धरत होता.

६ वाजून ५२ मिनिटांनी वैमानिकाने बिनतारी यंत्रावरून कळवले, की दोन नंबरच्या इंजिनाला आग लागल्याची खूण दिसते आहे. त्याने ते इंजिन बंद केले आणि विमान व्हँकूव्हरकडे परत वळवले. यात घाबरण्यासारखे फार नव्हते. चार इंजिनांचे विमान तिनांवर चालते, तशी त्याची रचनाच असते. व्हँकूव्हरहून त्याला परत येण्याची वाट दिली गेली आणि आठ हजार फुटांच्या खाली येऊ नये, असे सांगितले गेले. ७ वाजून १० मिनिटांच्या सुमारास वैमानिकाने समजल्याचे कळवले. तो शेवटचा निरोप. त्यानंतर काही ऐकू आले नाही.

विमान गेले कोठे? मोठा शोध सुरू झाला. विमाने फिरली, माणसे डोंगरात गेली. पण रोज हिमवर्षाव होत होता. वर ढग, खाली नवा बर्फ, आणि त्या बर्फाखाली सगळे झाकलेले. काही सापडले नाही. शेवटी शोध थांबवावा लागला.

बासष्ट घरांत ती पाच महिने कशी गेली असतील! माणूस गेला म्हणून रडावे, तर कोणी पाहिलेले नाही. आहे म्हणून वाट पाहावी, तर त्या थंडीत कोण जगणार? आपल्याकडे समुद्रावर गेलेली होडी परतली नाही की कोळीवाड्यात जे होते, तेच तिकडे झाले.

१९५७ सालचा मे महिना आला. बर्फ उतरू लागला. त्या भागात डोंगर चढणाऱ्यांत एल्फ्रिडा पिगू नावाची एक नाणावलेली बाई होती. दोन सोबत्यांना घेऊन ती स्लेसी नावाच्या डोंगरावर गेली. व्हँकूव्हरपासून हा डोंगर सुमारे शंभर किलोमीटरवर, अमेरिकेच्या सरहद्दीजवळ आहे. त्याचा एक अंग म्हणजे सरळ तुटलेला कडा. तिथल्या आदिवासींच्या भाषेत त्याच्या नावाचा अर्थ सुळा, म्हणजे हिंस्र जनावराचा दात. या तिघांना वर विमानाचे तुकडे दिसले. हरवलेले विमान ते हेच.

शिखर सुमारे आठ हजार फुटांचे आहे. विमान त्याच्या माथ्याच्या काही शे फूटच खाली कड्यावर आदळले होते. एवढी उंची त्याला अजून मिळाली असती, तर ते वरून निघून गेले असते.

नंतर तपासाला माणसे चढली. पण कड्यावरून सारखे दगड आणि बर्फाचे लोट सुटत होते. तिथून माणसांचे देह खाली आणणे म्हणजे आणखी माणसे गमावणे. म्हणून कोणालाही खाली आणले नाही. सरकारने ती जागाच दफनभूमी म्हणून जाहीर केली. १९९५ साली प्रांताच्या सरकारने डोंगराचा तो भाग कायद्याने राखून ठेवला. ज्या पिगूबाईने विमान शोधून काढले, ती स्वतःही १९६० साली दुसऱ्या एका डोंगरावर बर्फाच्या लोटात गेली. मेलेल्या खेळाडूंपैकी चार जण एकाच संघाचे होते. त्यांच्या सदऱ्यावरचे आकडे त्या संघाने पुन्हा कोणाला दिले नाहीत.

विमान पडले कशाने? चौकशी झाली, पण शेवटच्या मिनिटांत काय घडले ते सांगायला कोणी उरले नव्हते. एकट्या बर्फावर दोष टाकता येत नाही. एक इंजिन बंद, म्हणजे ओढ कमी. पंखावर बर्फ, म्हणजे उचल कमी. त्यात वारा डोंगराला ओलांडून पलीकडच्या बाजूला खाली कोसळत असतो, तो विमानाला आणखी खाली दाबतो. यातली कोणतीही एक अडचण विमानाने सोसली असती. पण तिन्ही मिळून आल्या, आणि तेही रात्री, डोंगरावर.

इथे एक खुलासा करतो. डोंगरावर विमान पडले आणि तिथे बर्फ होता, म्हणजे ते बर्फानेच पडले असे नसते. १९६६ साली २४ जानेवारीला एअर इंडियाचे ‘कांचनजंगा’ विमान युरोपातल्या माँ ब्लाँ शिखरावर आदळले. ते मुंबईहून निघालेले होते. त्यात ११७ माणसे गेली आणि आपले थोर शास्त्रज्ञ डॉ. होमी भाभाही गेले. तिथे सगळीकडे हिमच हिम. पण त्या अपघाताचे कारण पंखावरचा बर्फ नव्हते; विमान नेमके कोठे आहे याचा अंदाज चुकला होता. डोंगरावरचे हिम वेगळे आणि पंखावर धरणारा बर्फ वेगळा.

मुका गडी

मग माणूस हात जोडून बसला काय? नाही. विमानाच्या पंखाच्या पुढच्या धारेला रबराची लांब पिशवी बसवतात. बर्फ धरला की वैमानिक कळ दाबतो, पिशवीत हवा भरते, ती फुगते आणि वरचा बर्फ तडकून वाऱ्याने उडून जातो. मग पिशवी पुन्हा चपटी होते. फार जुनी युक्ती आहे ही, १९३० नंतरच्या दशकापासूनची. मोठ्या जेट विमानांत इंजिनातली कढत हवा नळीने पंखाच्या धारेत खेळवतात, म्हणजे बर्फ बसतच नाही. शिवाय ती विमाने तीस-पस्तीस हजार फुटांवरून जातात. तिथे इतकी थंडी असते, की बहुतेक पाणी आधीच गोठलेले असते. गोठलेला कण पंखाला चिकटत नाही, उडून जातो. धोका असतो तो मधल्या उंचीवर. आणि दोन पंख्यांची लहान विमाने नेमकी त्याच उंचीवरून फिरतात.

अशाच एका विमानाची गोष्ट. १९८७ साली १५ ऑक्टोबरला संध्याकाळी इटलीतल्या मिलान शहरातून एक विमान जर्मनीतल्या कोलोनला निघाले. ते ए. टी. आर. जातीचे, दोन पंख्यांचे होते. आत ३७ जण होते. उत्तरेला आल्प्सचे डोंगर, म्हणून उंच चढायचे होते. विमान स्वयंचालकावर, म्हणजे आपोआप चालवणाऱ्या यंत्रावर सोपवले होते. चढताना वेग कमी ठेवला होता. बर्फ धरत असताना तो जास्त असायला हवा होता. उड्डाणानंतर पंधरा मिनिटांनी विमान एकदम डाव्या-उजव्या कुशीवर हेलकावू लागले, त्याने नाक खाली घातले आणि कोमो सरोवराजवळच्या क्रेझो डोंगरावर ते कोसळले. कोणी वाचले नाही.

या स्वयंचालकाविषयी दोन शब्द सांगितले पाहिजेत. तो म्हणजे मुका, कष्टाळू गडी. एका बाजूला ओढ लागली की तो मुकाट्याने दुसऱ्या बाजूला जोर लावतो. ओढ वाढली की आणखी जोर लावतो. मालकाला वाटते, सगळे ठीक चालले आहे. आणि जोर संपला की तो एकाएकी हात सोडतो. तेव्हा सुकाणू वैमानिकाच्या हातात येते, पण विमान आधीच कलंडलेले असते. हाताने चालवले असते तर ओढ कधीच जाणवली असती. म्हणून जबर बर्फात स्वयंचालक सोडून द्यावा, असे आता वैमानिकांना शिकवतात.

पण हे शिकायला आणखी एक अपघात व्हावा लागला. १९९४ साली ३१ ऑक्टोबरला अमेरिकेत त्याच कारखान्याचे, थोडे मोठे विमान रोझलॉन या गावाजवळच्या शेतात पडले. ६८ माणसे गेली. तिथे डोंगर नव्हता, सपाट शेत होते. शिकागोच्या विमानतळावर गर्दी होती, म्हणून विमानाला वरच घिरट्या घालत थांबायला सांगितले होते. सुमारे अर्धा तास ते ओल्या ढगात फिरत राहिले. त्या ढगातले थेंब नेहमीपेक्षा मोठे होते. मोठा थेंब पंखाला लागताच सगळाच्या सगळा गोठत नाही, थोडा मागे ओघळतो आणि मग गोठतो. त्यामुळे रबराच्या पिशवीच्या मागे, जिथे पिशवी पोचत नव्हती तिथे, बर्फाचा बांध तयार झाला. पुढची पिशवी फुगत होती आणि आपले काम करत होती. मागचा बांध कोणाच्या नजरेला आला नाही. खाली उतरायला सुरुवात केल्यावर त्या बांधामुळे पंखाच्या टोकाची कलवण्याची फळी आपोआप खेचली गेली आणि विमान उलटले.

त्यानंतर अशा विमानांवरच्या पिशव्या मागेपर्यंत रुंद करण्यात आल्या. तरी गोष्ट संपलेली नाही. २०२४ साली ९ ऑगस्टला ब्राझील देशात विन्हेदो या गावावर याच जातीचे विमान गरगरत खाली आले आणि त्यातले सर्व ६२ जण मेले. चौकशीच्या पहिल्या अहवालात दिसले, की विमानावर बर्फ धरत असल्याची सूचना यंत्राने दिली होती. बर्फ काढण्याची कळ अनेकदा चालू-बंद झाली होती.

न बोललेले शब्द

बर्फ हवेतच धरतो असे नाही. थंड देशांत विमान जमिनीवर उभे असतानाही त्याच्यावर हिम पडते. ते उडण्यापूर्वी धुऊन काढावे लागते. त्यासाठी गरम पाण्यात ग्लायकोल नावाचे औषध मिसळून फवारतात. आपण द्राक्षावर फवारतो तसेच, फक्त पंप मोठा.

१९८९ सालच्या १० मार्चला कॅनडातल्या ड्रायडन या लहान विमानतळावर एक विमान उभे होते. हिम पडू लागले. पंखांवर ते साचताना आतल्या माणसांना खिडकीतून दिसत होते. पण या विमानाची इंजिन सुरू करणारी यंत्रणा नादुरुस्त होती आणि ड्रायडनला इंजिन सुरू करून देण्याची सोय नव्हती. इंजिन बंद केले असते तर विमान तिथेच अडकून पडले असते. इंजिन चालू असताना फवारणी करायची नाही, असा नियम होता. म्हणून फवारणी झालीच नाही. विमान तसेच धावले, नीट उचलले गेले नाही आणि धावपट्टीपलीकडच्या झाडीत घुसले. ६९ पैकी २४ जण मेले.

प्रवाशांत दोन वैमानिक होते. ते त्या दिवशी कामावर नव्हते, सुट्टीवर प्रवास करत होते. पंखावर काय आहे आणि त्याचा अर्थ काय, हे त्यांच्याइतके कोणाला कळणार? ते बोलले नाहीत. विमानातल्या सेविकेनेही हिम पाहिले होते. तीही बोलली नाही. नंतर तिने सांगितले, की आपण असे काही सांगायला गेलो तर वैमानिकांना आवडणार नाही, असे तिला वाटले. पुढे बसणाऱ्या वैमानिकांनी विमान चालवायचे आणि मागच्यांनी प्रवाशांना चहा-कॉफी द्यायची, अशी कामाची वाटणी ठरून गेलेली होती.

या अपघाताची चौकशी न्यायमूर्ती मोशान्स्की यांनी केली आणि ती फार खोलात जाऊन केली. पंख पुसला नाही एवढे लिहून ते थांबले नाहीत. नादुरुस्त यंत्रणा घेऊन विमान का पाठवले, विमानतळावर सोय का नव्हती, सरकारी देखरेख कोठे होती, सेविकेला बोलायला भीती का वाटली, हे सगळे त्यांनी तपासले.

आता कॅनडाच्या कायद्यात असे कलम आहे: उड्डाणापूर्वी विमानातल्या कोणत्याही नोकर माणसाला पंखावर दंव, हिम किंवा बर्फ चिकटलेला दिसला, तर त्याने तो ताबडतोब मुख्य वैमानिकाला सांगायचा. आणि तसे सांगितल्यावर मुख्य वैमानिकाने, किंवा त्याने नेमलेल्या वैमानिकाने, पंख स्वतः पाहिल्याशिवाय विमान उडवायचे नाही.